अकरा नंबरचा दिवा

आमच्या कॉलेजात मस्टर आहे, त्यावर आम्ही सह्याही करतो, पण खरी हजेरी घेतात सुमनअक्का. आणि ती घेतात भिंतीवरच्या स्विचकडं बघून.

स्विच म्हणजे पंख्याचं बटण नव्हे. सुरुवातीला आम्हालाही तेच वाटलं होतं. ही एक चपटी लोखंडी पेटी. तिला ओळीनं भोकं, त्यांना पोर्ट म्हणायचं. प्रत्येक पोर्टातून एकेक वायर कुठल्या तरी खोलीतल्या कम्प्युटरला जाते आणि पोर्टावर बारका हिरवा दिवा असतो. पलीकडचा कम्प्युटर चालू झाला की दिवा लागतो, तिकडं इंटरनेट वापरलं की लुकलुकतो. बसवणाऱ्या इंजिनिअरनं एवढंच अक्कांना समजावून सांगितलं आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून आमचं जगणं हराम झालं.

अक्का आमच्या ऑफिसच्या सुपरिंटेंडंट. लोहाऱ्याच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. स्विचला त्या स्विच म्हणत नाहीत, दावण म्हणतात.

"सर, तुमचा दिवा लागलाय, पर हालत न्हाय. मशीन चालू ठिवून कुठं गेलता?"

चहाला गेलो होतो. वीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसानं चहाचा हिशेब एका दिव्यापायी द्यायचा, याचा मला मनस्वी संताप यायचा. पण भूगोलाच्या सरांचे हाल माझ्याहून वाईट. "त्यांचा दिवा लई फडफडतोय. मॅच हाय का आज?" असं त्या भर ऑफिसात विचारायच्या. मॅच असायचीच. सरांनी कानावर हात ठेवले की म्हणायच्या, "मला नगा सांगू. दिव्याला इचारा."

आता अकरा नंबरचं सांगतो. ती वायर मैदानाखालून पार पलीकडं लायब्ररीत जाते. तिथं इंदूताई. अक्का आणि इंदूताई शाळेत एका बाकावर बसलेल्या, नोकरीला लागल्या त्याही एकाच कॉलेजात. आणि गेली कित्येक वर्षं दोघींचा अबोला. कारण विचाराल तर एसटीतली जागा. अणदूरच्या खंडोबाहून येताना अक्कांनी खिडकीतून रुमाल टाकून इंदूताईंसाठी जागा धरली, आणि इंदूताई मागं कुणा ओळखीच्या बाईशेजारी जाऊन बसल्या. झालं. "माझ्या रुमालाची किंमत न्हाय केली तिनं," हे अक्का अजून सांगतात.

तेव्हापासून दोघींचं जे काही बोलणं व्हायचं ते माझ्या तोंडून. "सर, त्येनला सांगा, पुस्तकांची बिलं पाठवा." मी सांगायचो. "सर, त्येनला सांगा, कवाच पाठिवल्यात." तेही सांगायचो. मी लायब्ररीत रोज जातो, एवढाच माझा गुन्हा.

पण सकाळी ऑफिसात आल्यावर अक्का स्वतः स्विच चालू करतात आणि आधी अकरा नंबर बघतात. तो लागलेला दिसला की मगच खांद्यावरची पिशवी खाली ठेवतात. इंदूताई एकट्या राहतात. गुडघ्यानं बेजार, त्यात बीपी. फोन करून विचारावं तर अबोला आडवा, माझ्याकरवी विचारावं तर कमीपणा. इंदू आज बरी आहे, उठून कामावर आली आहे, हे कळायला अक्कांना जगात तेवढा एक दिवाच होता.

अशात नवे प्राचार्य आले. त्यांनी फर्मावलं की स्विच कपाटात बसवा, स्टीलचं दार, वर कुलूप. धूळ बसणार नाही, कुणी हात लावणार नाही. बोलणं रास्तच होतं.

अक्का म्हणाल्या, "न्हाय."

"का पण?"

"कोंडून घातलेलं जनावर बरं हाय का न्हाय, कळंल कसं?"

"अक्का, ते जनावर नाही. मशीन आहे."

"तुमच्यासाठी असंल," म्हणत अक्कांनी आपली खुर्ची स्विचखाली ओढली आणि टेबल पुढ्यात घेऊन ठाण मांडलं. प्राचार्यांनी समजावलं, मग आवाज चढवला. अक्का टाचणीनं कागद जोडत राहिल्या. "माझी बदली करा. न्हाय तर मलाबी त्या कपाटात घाला आन् लावा कुलूप." प्राचार्य पाय आपटत गेले. मला मनातून फार बरं वाटलं.

पण दुपारी अक्का डबा खायला गेल्या आणि इंजिनिअरनं डाव साधला. त्या परत आल्या तेव्हा स्विच कपाटात गेला होता आणि इंजिनिअर एकेक वायर पुन्हा खोचत होता. दिवे लागत गेले. अकरा नंबर लागला नाही.

"तिकडचा कम्प्युटर बंद असेल," इंजिनिअर म्हणाला. पिन नीट बसली नव्हती, हे मागाहून कळलं.

अक्कांचा चेहरा उतरला. "ती दुपारी बंद करत न्हाय," एवढंच बोलून त्या चपला न घालता बाहेर पडल्या. मी मागोमाग धावलो. मैदान तापलेलं, आणि या वयात अक्का जवळजवळ पळतच होत्या.

मैदानाच्या मध्यावर आम्ही थबकलो. समोरून इंदूताई येत होत्या. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर धरलेला. दोघी चार हातांवर थांबल्या आणि दोघींनीही माझ्याकडं बघितलं.

"सर, त्येनला इचारा, तब्येत बरी हाय नव्हं?" अक्कांना धाप लागली होती.

"सर, त्येनला सांगा," इंदूताई म्हणाल्या, "आमच्या कम्प्युटरच्या मागंबी एक दिवा हाय. वायरीच्या दुसऱ्या टोकाला. हिकडं त्येनी स्विच चालू केला की लागतो. म्या रोज येऊन आधी तोच बघते. आज भर दुपारी गेला, म्हणून बघाया निघाले, हिकडं काय झालं का."

मी अक्कांकडं वळलो. पायाला चटके बसत होते, ते त्यांना कळतही नव्हतं.

"गुडघा एवढा सुजलाय," त्या एकदम म्हणाल्या, "आन् उन्हात कशाला निघालीस गं?"

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईनं मान माझ्याकडं वळवली.

"सांगा की सर त्येनला."