लुमावाच्या वकिलातीत मासा शिजला, त्याची हकीकत

शनिवारची दुपार. अमेरिकेतील नोव्हाय शहरी बर्फ पडोन रस्ते निपचित, घर फराळ करोन सुस्तावलेले, नात आरोही, वय वर्षे सहा, निमूट चित्र रंगवीत असता ओट्यावरील फोन गुर्र करोन थरथरला आणि पुढील सर्व इतिहास घडला.

राजश्री प्रल्हादपंत डॉक्टर हे लुमावा दौलतीचे बिनपगारी वकील. लुमावा म्हणजे पॅसिफिक समुद्रातील बेट. मुलूख इतका लहान की पृथ्वीच्या गोलावर त्याचे नाव जमिनीत मावत नाही, समुद्रात लिहावे लागते. तरुणपणी पंतांनी तेथील दवाखान्यात बाळंतपणे करीत चाकरी केली, त्या पुण्याईवर निवृत्तीनंतर ही वकिली चालत आली. दौलतीस परमुलखी हवेली बांधण्याची ऐपत नाही, सबब पंतांचे बेसमेंट हीच वकिलात: एक टेबल, एक निशाण आणि एक ट्रेडमिल. पितळी पाटी मात्र अस्सल. पंत रोज टाय बांधोन खाली उतरत आणि, कोणी येवो न येवो, जेवणासच वर येत.

फोनवरील खलिता ऐसा की, लुमावाचे परराष्ट्रमंत्री आज संध्याकाळी येत आहेत आणि वकिलात ठेवावी की शिकागोस हलवावी हे पाहोन ठरवितील. त्यात आज लुमावाचा राष्ट्रदिन. त्या दिवशी नारळाच्या रसातील मासा पाहुण्यापुढे न ठेवणे म्हणजे सोयरीक मोडणे, ऐसा तिकडील रिवाज. इकडील रिवाज ऐसा की, आज संकष्टी.

पंतांच्या पत्नी सुमित्राबाईंचे फर्मान सुटले की, ह्या घरात आज मासा शिजणार नाही, मंत्री असेल तर त्याच्या घरी.

"अगं, वकिलात शिकागोला गेली तर मी सकाळी उठून करू काय?" पंत कळवळोन बोलिले.

"संकष्टी करा."

पंतांचा चेहरा उतरला. तो पाहोन सूनबाई वसुधाबाई यांनी मसलत काढिली की, "आई, बेसमेंट आपलं आहेच कुठे? दारावर पाटी आहे ना! जिना उतरला की लुमावा. तिकडे कुठली संकष्टी?"

सुमित्राबाईंशी तह जाहला तो ऐसा की, जिन्याचे दार ही सरहद्द, तिकडील पातेले इकडे येऊ नये, आणि वासास परवाना नाही, सबब फटीस ओला टॉवेल लावावा. मग चिरंजीव सिद्धेशराव फ्रोझन मासा घेऊन गॅरेजमार्गे शिरले आणि त्यांनी इलेक्ट्रिक शेगडी ट्रेडमिलवर मांडिली आणि वसुधाबाईंनी बाह्या सरसावोन मासा चढविला. आरोही सरहद्दीवर पायरी अडवोन बसली आणि खुद्द आजोबांसही "पासपोर्ट प्लीज" म्हणो लागली.

मंत्री आले, ते एकटेच, टॅक्सीतून. बूट काढोन, मोज्यांनिशी खाली उतरोन मासा जेविले, डोळे पुसोन म्हणाले की, माझ्या आईसारखा नाही, पण झालाय. इतक्यात वरून साबुदाण्याच्या खिचडीचा वास बिनपरवाना खाली उतरला आणि मंत्री त्याच्या मागे जिना चढोन थेट मुदपाकखान्यात दाखल.

सुमित्राबाईंनी त्यांस न्याहाळिले. "ह्याचीच नाळ तुम्ही कापली होती ना?"

"हो," मागोमाग आलेले पंत बोलिले.

"मग उभा काय करता त्याला? पाट नाही तर खुर्ची द्या."

दोन वेळा खिचडी घेऊन मंत्र्यांनी कौल दिला की, वकिलात येथेच राहील, शिकागोस आमची नाळ कोणी कापिली नाही. आणि मग हळू आवाजात वर्तमान सांगितले की, यंदा भरतीचे पाणी बेटावरील शाळेच्या पायरीला लागले.

येणेप्रमाणे संकष्टी अभंग राहिली, राष्ट्रदिन साजरा जाहला, एकाच छपराखाली मासा शिजला आणि शिजला नाही, वकिलात नोव्हायसच कायम. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.

पाहुणे गेले. वसुधाबाई दाराशी बसोन टॉवेल पिळीत होत्या, तेव्हां आरोही येऊन मांडीवर रेलली आणि तिने सवाल केला:

"आई, वॉटर अजून वर आलं, तर मग ओन्ली आपलं बेसमेंट लुमावा राहणार?"