आसगर थोरुप यांच्या अस्थिर पायांची हकीकत

श्री वायुदेवता आणि समुद्रदेवता प्रसन्न असोत. शके १९३६ जयनाम संवत्सरी, ज्येष्ठ मासी, उत्तरसमुद्राचे काठी डेन लोकांचे मुलुखी जे वर्तमान जाहले ते साद्यंत लिहितो, श्रोते यांणी चित्त द्यावे.

त्या मुलुखी राज्य पायांनी खेळावयाचे चेंडूचे. वरले फळीस थोर संस्थाने, द्रव्य विपुल, प्रजा अपार. आणि खालले फळ्यांस लहान ठाणी, तेथील शिपायांनी दिवसा पोटाचा उद्योग करावा आणि सायंकाळी चेंडूची चाकरी करावी. ऐशा तिसरे फळीत आसगर थोरुप नामे शिपाई होते. उद्योग सुतारकीचा, जागा डावे बगलेची, धाव ऐशी की पाठलाग करणारा दम टाकोन उभा राही. परंतु पायांस चैन नव्हते. एके ठाणी वर्ष दोन वर्षे राहावे, लोकांनी त्यांचे नावाची गाणी रचावी, आणि मग एके सकाळी यांचे मनात यावे की येथील गवत पुरे जाहले, आणि मग कूच. का जाता म्हणोन कोणी पुसले तर म्हणत, "वरले फळीची वाट पुढले ठाण्यावरून जाते." ऐसे म्हणता म्हणता वय बत्तीस जाहले आणि वाट काही सापडली नाही. त्यांची स्त्री गुड्रुनबाई, सुइणीचे कामी निष्णात, बोलणे थोडे. दर कुचास त्या सामान बांधोन बरोबर निघत आणि नवे गावी नवी चाकरी धरीत.

गिरणीचे ठाणी असता आसगर यांचा स्नेह एबे स्कौ नामे गोलरक्षकाशी जडला. एबे देहाने थोराड, स्वभावे संथ, जन्मापासोन त्याच गावी. सराव आटपोन सर्व घरी गेले तरी हे दोघे मैदानी राहत, आणि आसगर यांणी चेंडू मारावा आणि एबे यांणी अडवावा. आसगर यांचा आवडता कोपरा एकच, गोलरक्षकाचे उजवे हाताचा, जमिनीलगतचा. तेथे मारिला की दहांतून आठ वेळा जाळ्यात. मग आसगर यांणी तेही ठाणे सोडिले आणि दीपगृहाचे ठाणी गेले. दोन्ही ठाण्यांचे वैर पिढ्यांचे. एबे रागे भरले नाहीत, निरोपाचा हात मिळविला आणि जाळे उतरवू लागले.

त्या साली दैव ऐसे फिरले की शेवटले युद्ध या दोन ठाण्यांतच पडले. दीपगृहवाले जिंकले तर तरणार, न जिंकले तर चौथे फळीत पडणार. गिरणीवाल्यांस बरोबरीही पुरत होती. तशात वरले फळीच्या एका संस्थानाचा वकील आला आणि आसगर यांस म्हणाला, "युद्ध पाहावयास येतो. नजरेस भरलात तर घेऊन जातो." आसगर धावतच घरी आले. गुड्रुनबाई परसात कपडे वाळत घालीत होत्या, वारा ते हातातून ओढीत होता.

"गुड्रुन, वाट सापडली."

"तर जावे," बाई म्हणाल्या. "मी या वेळेस येत नाही."

"का म्हणोन?"

"गावोगावी मुले जन्मास आणिली, आणि एकही शाळेस जाऊ लागलेले पाहिले नाही. या गावची पाहीन म्हणते."

आसगर जेवावयास बसले ते उठले, खिडकीशी गेले, परत आले, आणि निजेपर्यंत खोलीतच येरझारा घालीत राहिले.

युद्धाचे दिवशी समुद्रावरोन ऐसा वारा सुटला की उंच मारिलेला चेंडू मारणाराकडेच परते. दोन्ही बाजूंनी शर्थ जाहली आणि गोल कोणाचा होईना. मग वेळ सरत आली असता गिरणीवाल्यांचे हातास चेंडू लागला, आणि पंचांनी पेनल्टी दिली. आसगर पुढे आले, चेंडू ठेविला. वाऱ्याने तो घरंगळला. पुन्हा ठेविला, पुन्हा घरंगळला. समोर एबे उभे.

"गुड्रुन बरी आहे काय?" एबे यांणी पुसले.

"बरी आहे."

"तूं वर जाणार म्हणतात. तीही येते?"

"नाही."

पंचांनी दोघांस गप्प केले आणि शिट्टी दिली. आसगर यांणी मनात आणिले की माझा कोपरा यास ठाऊक, सबब आज दुसरा धरावा. मग धावले आणि एबे यांचे डावे हाताचे कोपऱ्यात मारिले. आणि एबे तिकडेच झेपावले आणि मुठीने चेंडू बाहेर घातला. युद्ध बरोबरीत सुटले. दीपगृहाचे ठाणे पडले. वकील कोटाची कॉलर वर करोन निघोन गेला.

आसगर गवतात बसले होते तेथे एबे येऊन बसले.

"कैसे ओळखिलेस?"

"ओळखिले कोठले," एबे म्हणाले. "जेथे तुझे बरे चालते तेथे तूं राहत नाहीस, इतकेच ठाऊक होते."

आसगर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. दुसरे दिवशी ठाण्याचे कारभारी हेनिंगपंत, मासळीचा व्यापार करणारे वृद्ध गृहस्थ, दारी आले आणि म्हणाले, "दोन ठाण्यांची तुम्हांस बोलावणी आहेत, मजपाशीच निरोप आले. चौथे फळीत तुम्हांस कोणत्या तोंडाने ठेवू? खुशाल जावे."

"राहतो," आसगर म्हणाले.

पंतांस खरे वाटेना. "विचार करोन सांगा."

"विचार केला तर जाईन. म्हणोन आताच सांगतो."

मग त्यांणी सहा साले चौथे फळीत डावी बगल राखिली. मैदाने खडबडीत, बाजूस गाजरांची शेते, पाहणारे मोजके. सायंकाळी पाय शिवशिवू लागत तेव्हां गावाबाहेर हमरस्त्यापर्यंत जात, शहराकडे जाणारी बस थांबे, दार उघडे, आणि हे हातानेच नको म्हणोन सांगत.

एवंच, आसगर थोरुप यांणी वरली फळी पाहिली नाही, निशाण कोठे रोविले नाही, आणि चित्तास स्वस्थता आली ऐसेही लिहिता येत नाही. गुड्रुनबाईंनी एकदा, येथे मन रमले काय म्हणोन पुसले, तेव्हां बुटांच्या नाड्या बांधीत म्हणाले, "रोज निघावेसे वाटते." आणि सरावास गेले. इति वर्तमान.