फलाटावरची शालन

आमच्या गल्लीत गॅसची गाडी कधी येणार हे शालन जाधवला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि शालनला कळलं की मग ते कुणापासून लपून राहत नाही. ती एक पाय किंचित घासत अंगणात येते, पदर खोचते, हात पाठीमागे घेते आणि कुणाकडेही न बघता सुरू करते, "कृपया लक्ष द्या. मिरजोळ्याकडून येणारी गॅसची गाडी आज काही मिनिटं उशिराने येत आहे. ही गाडी पिठाच्या गिरणीपाशी थांबणार नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मग हेच हिंदीत, मग इंग्रजीत. मराठी संपायच्या आत मी रिकामा सिलिंडर घेऊन फाटकात उभी असते. तरी माझ्याकडे बघत बघत ती इंग्रजीही पुरं करते.

गेल्या खेपेला तुम्ही दोघं मेलबर्नहून आला होतात तेव्हा विचारलं होतं, "आजी, ही मावशी अशी का बोलते?" तेव्हा सामान बांधायची घाई होती. मी म्हटलं होतं, तिला सवय आहे. उत्तर खरं होतं, पण अपुरं. अपुरं उत्तर देणं मला शाळेत शिकवत असतानाही आवडत नसे.

शालन मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवर उद्घोषक होती. फलाटावर उभं राहिलं की डोक्यावरच्या कर्ण्यातून जो आवाज यायचा, कुठली गाडी, कितव्या फलाटावर, जलद की धीमी, तो आवाज म्हणजे शालन. एक बसायची तर दुसरी उठायची, अशा पाळ्या. कधी कुर्ला, कधी दादर, कधी ठाणे. खोली एवढीशी, तिला खिडकी नाही. एक पंखा, एक माईक, वरून निरोप येणारा फोन. "गाडी मला कधी दिसली नाही, बाई," ती सांगते. "टेबलावरच्या कपातला चहा हलायला लागला की समजायचं, आली."

मी तिला शिकवलेलं नाही, पण शाळेतली म्हणून ती मला बाईच म्हणते.

त्या धंद्याचे तिचे काही नियम आहेत आणि ते ती संसाराला लावते. पहिला, कारण सांगायचं नाही. "कारण सांगितलं की माणसं वाद घालतात. वेळ सांगायची आणि माफी मागायची." दुसरा, माहिती नसली तरी गप्प बसायचं नाही, कारण कर्णा गप्प झाला की लोक घाबरतात. मी एकदा तिला विचारलं, "शालन, दिलगीर आहोत म्हणतेस, हे आम्ही कोण?"

ती म्हणाली, "एवढ्या माणसांची एकटीने माफी मागायची तर जीव पुरेल काय, बाई?"

आमच्याकडे नूरजहाँ मासे घेऊन येते. तिची हाळी शालनपुढे फिकी पडते. शालन बांगडा आला की भावासकट जाहीर करते आणि सरंगा नसला तर त्याबद्दलही दिलगिरी व्यक्त करते. नूरजहाँ एकदा फाटकात टोपली उतरवून म्हणाली, "बाय, तू माझी टोपली घे आणि मी तुझ्या पडवीत बसते. पेन्शन तेवढी माझ्याकडे दे." शालनने शांतपणे हिंदी भाग पुरा केला आणि मगच हसली.

पण तिचा खरा पराक्रम शेजारच्या पाटणकरांच्या लग्नात. नवऱ्याकडची मंडळी लांज्याहून यायची होती. मुहूर्ताची वेळ झाली तरी नवऱ्याचा पत्ता नाही. मुलीचे मामा घाम पुसत होते, मांडवात कुजबुज वाढत होती. शालन उठली आणि तिने बँडवाल्याच्या हातातला माईक घेतला. "कृपया लक्ष द्या. लांज्याहून येणारे नवरदेव पालीच्या पुढे आलेले असून लवकरच कार्यालयात प्रवेश करतील. वऱ्हाडींनी दरवाजापासून दूर उभं राहावं." सगळा मांडव हसला. मग दर थोड्या वेळाने नवरदेव कुठवर आले हे ती सांगत राहिली. हातखंब्याला आले, कुवारबावला आले. लोकांनी पंखे हलवत वाट पाहिली, कुणी भांडलं नाही. नंतर मामा मला म्हणाले, "मुहूर्त टळला, पण हिने सगळ्यांना फलाटावर बसवून ठेवलंन. फलाटावर कोण कुणाशी भांडतो?"

नवरदेव खरोखर कुठे होते हे मात्र तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. तसं तिने मला जेवताना कबूल केलं.

तुमची आई मुंबईत शिकत होती तेव्हा मी तिला भेटायला जायची. दादरच्या पुलाखाली मी पिशवी दोन पायांत धरून उभी असायची, डोक्यावरून एक स्वच्छ, न चिडणारा आवाज सांगायचा की बाई, तुझी गाडी ही नव्हे, पुढची. मला त्या आवाजाचा फार आधार वाटे. "तो माझाच होता," असं शालन ठामपणे म्हणते. असेलही. त्या आवाजाला तेव्हा चेहरा नव्हता. तिला कुणी ओळखत नसे, पण एकदा बाजारात तिने बटाट्याचा भाव विचारला तर दुकानदार वजन करता करता थांबला आणि म्हणाला, "तुम्ही कुर्ल्याच्या ना?" ही गोष्ट ती वर्षातून दोनदा तरी सांगते. मी दोन्ही वेळा ऐकते.

पुढे यंत्रं आली. आवाज एकदाच भरून ठेवायचा, मग यंत्र जुळवून बोलणार. भरून ठेवलेला आवाज शालनचा नव्हता. शेवटची वर्षं तिने चौकशीच्या खिडकीत काढली आणि निवृत्त होऊन आईपाशी रत्नागिरीला आली. लग्न तिने केलं नाही. आईचं वय नव्वदीच्या घरात, डोळे पूर्ण गेलेले. दिवसभर खाटेवर बसून असते. खायला शालनच्याच हातून घेते. एकदा शालन गावाला गेली असताना सोबतीला ठेवलेल्या बाईने पेज भरवायला घेतली, तर म्हातारीने दात आवळले ते शालन परत येऊन "आये, मी आलंय" म्हणेपर्यंत.

यंदा पावसाळ्याआधी शालनच्या गळ्याला गाठ आली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावी लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाज बदलेल, कदाचित पूर्वीसारखा येणारच नाही. ती हे सांगायला आली तेव्हा मी काही समजुतीचं बोलू लागले. एवढी वर्षं जपलेला आवाज, वगैरे.

"माझं जाऊ दे, बाई," ती म्हणाली. "मला कोण ऐकायला बसलंय? पण आये मला आवाजाने ओळखते. उद्या घोगरी बाई पेज घेऊन पुढे आली तर तोंड उघडेल काय ती?"

तिने स्वतःच उपाय सुरू केले. प्रथम मनगटाला शेळीच्या गळ्यातली घंटी बांधली आणि आईपुढे उभं राहून तीन वेळा जाहीर केलं, "हा आवाज म्हणजे मी, शालन." म्हातारी म्हणाली, "आदी ती शेळी भाएर काढ." घंटी सुटली.

मग मी सुचवलं की फोनमध्ये तिचा आवाज भरून ठेवू, परत आली की पेज देताना लावता येईल. मला ही कल्पना व्यवस्थित वाटली. शालनने फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. यंत्रांनी तिची खुर्ची घेतली होती आणि आता मी तिला यंत्रात बसायला सांगत होते, हे मला नंतर उमजलं. पण ती बसली. माझ्या जेवणघराची दारं लावून, हात पाठीमागे घेऊन तिने सांगितलं, "आये, पेज आणली आहे. मी शालन." एकदाच, स्पष्ट. चूक नव्हती म्हणून दुसऱ्यांदा भरावं लागलं नाही.

ती कोल्हापूरला गेली. गावाहून तिची वहिनी आली. म्हातारी चहावर राहिली. भाताचा घास पुढे केला की मान फिरवी. मी रोज जाऊन बसे. गल्ली इतकी शांत होती की गॅसची गाडी दोनदा येऊन गेली, कुणाला कळलं नाही.

शालन एका दुपारी परतली. गळ्याला पट्टी, चेहरा उतरलेला. वहिनीने पेज कढवून वाटीत ओतली. शालन वाटी घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि तिथेच थांबली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी खाटेशेजारी होते. फोनवरचं बटण मी दाबलं.

"आये, पेज आणली आहे. मी शालन." खोलीभर तो आवाज.

म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. "ते बंद करा हो, बाई. ती स्टेशनावरची कशाला घेऊन आलाव? माजी पोर दारात येऊन उभी हाय, हिच्यापायी आत येत नाय."

शालन काही बोलू गेली. घशातून नुसतीच खरखर आली.

"गप ऱ्हा. नको बोलूस," म्हातारी म्हणाली. "तो आवाज सरकारचा व्हता गो. मना तुजी पावलं ठावी हायत. एक पाय घासत चालणारी ह्या घरात दुसरी कोण हाय?"

शालन खाटेवर बसली. म्हातारीने चाचपडत तिचा खांदा धरला, मग गळा. बोटं पट्टीवरून हळूच फिरली. "केवडं कापलानी," ती पुटपुटली. मग तिने शालनच्या हातातली वाटी काढून घेतली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि चमचा बुडवून लेकीच्या तोंडापुढे नेला.

चमचा आधी हनुवटीला लागला, मग गालाला. तिसऱ्या वेळी शालनने स्वतःच मान खाली आणली.