मागे एकही रिबीन नको

बायकोच्या धावण्याच्या क्लबात नाव घालताना आपण तिथे शेवटचे येणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की बायकोच्या देखत शेवटचं यायचं कसं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी काही गोष्टी माणसाला बायकोपासून लपवाव्याशा वाटतात. (पोट त्यात नव्हतं. ते लपवण्याच्या पलीकडे गेलं होतं.)

त्यामुळे क्लबचा कॅप्टन, म्हणजे एरवी चष्म्याचं दुकान चालवणारा उंचेला गृहस्थ, "रविवारच्या डोंगरावरच्या शर्यतीत स्वीपर कोण होणार?" असं विचारू लागला, तेव्हा याने हळूच शेजारच्या केकवाल्याला कोपराने ढोसलं. केकवाला स्वतःच्या बेकरीने वाढवलेलं वजन उतरवायला क्लबात आला होता.

"स्वीपर म्हणजे काय हो?"

"सगळ्यांच्या मागून यायचं. वाट कळावी म्हणून झाडांना रिबिनी बांधतात ना, त्या काढत यायचं. कोणी पाय मुरगळून बसलं तर त्याला घेऊन यायचं."

"म्हणजे शेवटचं येणं हीच ड्यूटी?"

"हो की."

त्याचा हात इतक्या जोरात वर गेला, की केकवाला दचकून बाजूला झाला.

घरी ही बातमी ऐकून बायको बुटाची नाडी बांधता बांधता थांबली. "अहो, एक ऐका. दर वर्षी ती दातांची डॉक्टरीण शेवटच्या क्षणी माझ्या पुढे निघते आणि कप घेऊन जाते. यंदा तो कप आपल्या कपाटात आला पाहिजे. तुम्ही मागे राहा, मजेत राहा. फक्त काही करू नका."

"अगं, मी येणार सगळ्यांच्या मागून. मागून येऊन माणूस बिघडवून बिघडवून काय बिघडवणार?"

रविवारी सकाळी मैदानावर कॅप्टनने हातवारे करत वाट समजावून सांगितली. याचं सगळं लक्ष तेव्हा फुकट मिळालेल्या केळ्याकडे होतं. (शिवाय शेवटच्या माणसाने वाट कशाला ऐकायची? रिबिनी आहेतच की.) साल टाकून तो परत आला तेव्हा त्याला शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं, "आणि स्वीपर! मागे एकही माणूस नको, एकही रिबीन नको!"

हे त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. ऑफिसात एक काम हातावेगळं केल्याशिवाय तो दुसऱ्याला हात लावत नसे. (त्यामुळे दुसऱ्या कामापर्यंत तो क्वचितच पोचे.)

शिट्टी वाजली. बायको आणि डॉक्टरीण बाणासारख्या सुटल्या, बाकीचे त्यांच्यामागे. डोंगराच्या पायथ्याशी पहिली नारिंगी रिबीन लागली. कॅप्टनने ती अशी काही गाठ मारून बांधली होती, की जणू झाड पळून जाणार होतं. नखं झाली, दात झाले, तेव्हा कुठे ती सुटली. तोवर केकवाल्याची डुलती पाठही वळणाआड गेली होती. पण त्याला घाई नव्हती. डोंगराला वळसा घालत, एकेक रिबीन पिशवीत टाकत, तो पायथ्याला परत आला आणि तिथून मैदानाकडे वळला. इतकं समाधान त्याला अर्जित रजेतही कधी मिळालं नव्हतं.

मैदानावर वेळ नोंदवायला गणिताचे निवृत्त सर बसले होते. याला बघताच त्यांनी घड्याळ बंद केलं.

"स्वीपर आला, शर्यत संपली. नियम आहे."

"सर, बाकीचे कुठे आहेत?"

"तुमच्या पुढे होते ना?"

"हो."

"मागे कोणी राहिलं?"

"छे! नीट बघत आलोय."

"मग आलेच असणार." सरांनी रिकाम्या मैदानावर नजर फिरवली. "मला दिसले नाहीत, एवढंच."

"म्हणजे... पहिला मी?"

"आणि शेवटचाही."

एवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"अहो, कुठे आहात?"

"मैदानावर! अगं, मी पहिला आलो!"

"इथे एकही रिबीन दिसत नाहीये."

"कशी दिसेल? माझ्याकडे आहेत ना."

"सगळ्या?"

"एकही मागे ठेवली नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

तेवढ्यात फोनमधून कॅप्टनचा आवाज फुटला, "डोंगराला फेऱ्या दोन होत्या! दोन! रिबिनी दुसऱ्या फेरीत काढायच्या! ओरडून सांगितलं होतं मी!"

"कधी?"

"तुम्ही केळं खात होतात तेव्हा!"

फोन पुन्हा बायकोकडे गेला. तिचा आवाज भलताच शांत होता. (बारा वर्षांत या आवाजाला तो सर्वांत जास्त घाबरत आला होता.) "मी सगळ्यांच्या पुढे होते. डॉक्टरीण पार मागे पडली होती. दुसऱ्या फेरीला फाट्यावर रिबीन नाही, म्हणून मी अंदाजाने वळले आणि सगळे माझ्यामागे आले. आता आम्ही एका वीटभट्टीत उभे आहोत. डॉक्टरीण विचारतेय, तो स्वीपर कोणाचा नवरा आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, चौकशी करते."

तासाभराने अख्खा क्लब विटांच्या ट्रकमधून, विटांच्याच रंगाचा होऊन परतला. बायकोने सर्वांत आधी उडी मारली आणि रेषा ओलांडली. सरांनी तिला बंद घड्याळ दाखवलं. कप कॅप्टनच्या दुकानात चष्म्यांच्या शेजारी कुलपात गेला आणि शर्यत पुढच्या महिन्यावर. घरी जाताना स्कूटर बायकोने चालवली. तो मागे बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन.

दुसऱ्या दिवशी जाग आली तर पलंगाच्या पायाला नारिंगी रिबीन! पुढची दाराच्या कडीला, त्यापुढची फ्रिजच्या मुठीला. राग गेला म्हणायचा, आता पुढे आयता चहा असणार, अशा खुशीत तो एकेक गाठ काढत स्वयंपाकघरात पोचला. शेवटची रिबीन सिंकच्या नळाला होती. नळाखाली कालपासूनची भांडी होती.

त्याने मुकाट्याने बाह्या वर केल्या. शेवटचं पातेलं पालथं घालून तो विजयी आवाजात ओरडला, "झालं गं सगळं!"

"आणि रिबिनी?" बाहेरून बुटाची नाडी बांधत बायकोने विचारलं.

"एकही मागे ठेवली नाही!"

"मग होत्या तिथे परत बांधून ठेवा," ती दार उघडत म्हणाली. "फेऱ्या दोन आहेत. दुसरी रात्री जेवणानंतर."