त्साओ मावशींचे लाल दात

"फोटोमागचं पांढरं काढणं हा माझ्या हातचा मळ आहे!" लिआव जुनशेंग आपल्या बॅनरच्या दुकानात खुर्चीत रेलून म्हणाला, आणि त्याच्या बायकोने, पेइवेनने, कपाळाला हात लावला. नवरा असं बोलला की काहीतरी विपरीत घडतं, हा तिचा लग्नापासूनचा अनुभव होता.

काम पेइवेनच्या मावशीच्या प्रचाराच्या बॅनरचं होतं. त्साओ मावशी तैवानच्या ताइनान शहरातल्या आपल्या वॉर्डाच्या प्रमुखपदासाठी दुसऱ्यांदा उभ्या होत्या. मागच्या वेळी तोंडाशी आलेला घास गेला होता. यंदा पडले तर पुन्हा उभी राहणार नाही, असं त्या देवीसमोर बोलून बसल्या होत्या. जन्म गेला दातांच्या दवाखान्यात, नर्स म्हणून. त्यामुळे वचनही एकच: पानसुपारी खाऊन रस्त्यावर थुंकेल त्याला दंड! फोटोत त्या अख्खी बत्तीशी दाखवून हसल्या होत्या.

फोटो पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला. खरं तर मावशींच्या कडेकडेने, केसन् केस सांभाळत मास्क करायचा असतो. मग बाहेरचं सगळं पारदर्शक होतं आणि आतली बाई शाबूत राहते. पण एवढा वेळ कोणाला? जुनशेंगने सॉफ्टवेअरला सरसकट हुकूम सोडला: पांढरं दिसेल ते पारदर्शक कर! सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. पडद्याबरोबर त्याने मावशींचे दातही उडवले! पण स्क्रीनवर खाली कोरं पांढरं पान होतं, त्यामुळे दात जागच्या जागी दिसत राहिले.

"बघ, एक केस तरी वाकडा झालाय?" जुनशेंगने बायकोला विचारलं.

तेवढ्यात मावशींचा फोन आला. "जावईबापू, मागे पांढरं नका हो ठेवू! मयताला उभी आहे असं वाटेल. लाल टाका, शुभ असतं."

"टाकतो की!" म्हणत त्याने छापखान्याला फोन लावला. "मागे लाल टाका. चांगलं भडक!" फाईल धाडली आणि गडी निवांत नूडल्स ओरपायला बसला.

सकाळी वॉर्डातल्या खांबाखांबावर मावशी झळकल्या. लालभडक दात! डोळ्यांतलं पांढरंही गेलेलं, म्हणून डोळेही लालबुंद! तोंडात पानांचा तोबरा भरून रात्रभर ढोसत बसलेली बाई दिसत होती. खाली घोषणा: 'स्वच्छ तोंड, स्वच्छ वॉर्ड!'

"आधी स्वतःचं तोंड धुवा!" विरोधी उमेदवार वू काका भोंग्याच्या गाडीतून ओरडत गेले.

मावशी तडक दुकानात आल्या. "अरे मेल्या, जन्मभर लोकांचे दात घासले ते हे बघायला?"

"मावशी, दात आहेत हो! फक्त... आरपार आहेत."

"शिडी आण!"

शिडीवर चढून मावशी पहिला बॅनर ओढणार, तोच खाली एक ट्रक थांबला. गालात पान कोंबलेल्या ड्रायव्हरने खिडकीतून हात जोडले. "मावशी! तुम्ही आपल्यातल्याच निघालात की! आम्हाला वाटलं, दंड खरंच घेणार. आता आमच्या अड्ड्यावरची सगळी मतं तुम्हाला!"

मावशींनी खुलासा करायला तोंड उघडलं. मग मतं आठवली, तशी ते घट्ट मिटलं. त्या गुपचूप खाली उतरल्या. मतदानापर्यंत ही बाई हसली, पण ओठ मिटून!

आणि मावशी निवडून आल्या! जुनशेंगची छाती फुगली. ड्रायव्हरमंडळींनी विजयाचे फटाके मुद्दाम त्याच्याच दुकानासमोर लावले. आनंदाच्या भरात पिचकाऱ्याही तिथेच मारल्या. दुकानाची भिंत, पायरी, शटर, सगळं लाल.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. जुनशेंगने सत्काराच्या तयारीने केस विंचरले. मावशींच्या हातात मात्र बादली होती.

"मावशी, यांना दंड करा की!"

"ज्यांनी निवडून दिलं त्यांना? ही मतं कोणी आणली रे?"

"मीच की!" जुनशेंग अभिमानाने म्हणाला.

मावशींनी बादलीतला ब्रश काढून त्याच्या हातात दिला. "मग घास!"