धोंडिबा वस्ताद आणि लाल गळ्याचे सर

ज्या जंगलात अजून रस्ता पोहोचलेला नाही, पण रस्त्याचं उद्घाटन मात्र तीनदा झालं आहे, अशा एका जंगलात धोंडिबा नावाचा गवा राहत होता.

बाळांनो, तुम्ही गवा पाहिला नसेल, तर दोन म्हशी एकत्र करा, त्यांच्या पायांत पांढरे मोजे घाला आणि त्यांना कमी बोलायला सांगा. झाला धोंडिबा.

त्या जंगलात दर चैत्रात जत्रा भरे आणि जत्रेत गोटी उचलायची चढाओढ होई. गोटी म्हणजे तुमची खेळायची नव्हे. नदीतला वाटोळा दगड, अस्वलाएवढा. तो शिंगांनी उचलून मानेवर घ्यायचा आणि दहा पावलं चालायचं. नऊ वर्षं तो मान धोंडिबाचा होता. दहाव्या वर्षी तो दहा पावलं चालला तेव्हा बघे ओरडले, "अजून एक फेरी! धोंडिबा, अजून एक!"

धोंडिबाने अजून एक फेरी मारली.

पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं. ओरडणारे आपापल्या घरी गेले. धोंडिबा पाच महिने चिखलात पडून राहिला.

तिथे पडल्या पडल्या तो उठायला शिकला. आठवडाभर नुसती मान. मग पुढचा एक पाय. मग दुसरा. पावसाळा सरता सरता तो उभा राहिला. दगड उचलण्यापेक्षा स्वतःला उचलणं अवघड आहे हे त्याला कळलं, आणि ते दुसऱ्याला शिकवता येईल असंही वाटलं. म्हणून त्याने ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत तालीम काढली.

पहिला आला कोल्हा. म्हणाला, "वस्ताद, तीन आठवड्यांनी माझं लग्न आहे. तोवर वाघासारखी छाती हवी."

धोंडिबाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तीन आठवड्यांत कोल्ह्यासारखी होईल."

कोल्हा पुन्हा आला नाही. मग रानडुक्कर आलं. कमरेला वेलीचा पट्टा, मनगटांना साल, कपाळाला पान. तालमीत वजनही उचलावं लागतं हे कळल्यावर तेही गेलं, पट्टा मात्र जन्मभर घालून हिंडलं.

टिकली ती एकटी यमुनाबाई सांबरीण. दोन वर्षांपूर्वी ती नाल्यात पडली होती आणि तिचा मागचा पाय मोडला होता. वैद्य घुबडाने सांगितलं होतं, "आता उडी विसरा. सावकाश चाला, देवाचं नाव घ्या." पण बाळांनो, सांबराला उडी विसरून चालत नाही. रानकुत्री ती विसरलेली नसतात. शिवाय तिच्या पाठीमागे एक पाडस होतं.

"पाय दुखतो की भीती वाटते?" धोंडिबाने विचारलं.

"दोन्ही, वस्ताद."

"मग आज नुसतं बसायचं आणि उठायचं. पाच वेळा."

"एवढंच? मी मैलभर लंगडत आले ते पाच उठाबशांसाठी?"

"चार केल्या तरी चालतील."

दुसऱ्या दिवशीही पाच. पंधरवड्याने सहा. दोन महिन्यांनी पाठीवर मुठीएवढा दगड. यमुनाबाई वैतागायची, कधी रडायची. एकदा तर, "तुम्हाला काही येत नाही" असं तोंडावर म्हणाली. धोंडिबा म्हणाला, "श्वास सोडा, मग उठा. श्वास कोंडून उठू नका." त्याच्याकडे बोलायला बहुधा एवढंच होतं.

आता ओढ्याच्या दुसऱ्या तीरावर काय चाललं होतं ते ऐका.

तिथे एका उंच खडकावर रंगनाथ नावाचा सरडा राहायचा. सरडे जोर मारतात हे तुम्ही कुंपणावर पाहिलं असेलच. वर, खाली, वर, खाली. ती त्यांची सवयच. मोठा पक्षी दिसला की मारतात, दुसरा सरडा दिसला की मारतात, भीती वाटली की जास्तच मारतात. वर गळा असा लाल होतो की बघणाऱ्याला वाटावं, काय रग आहे!

एका कावळ्याने ते पाहिलं. त्याने दुसऱ्याला सांगितलं. दुपारपर्यंत अख्ख्या जंगलात काव काव झाली : "दिवसाला चारशे जोर! वजन तीन तोळे, पण जिद्द हत्तीची!"

खडकाखाली गर्दी जमली. गर्दीने आपल्याला 'सर' म्हटल्याचं रंगनाथला ऐकू आलं. त्या क्षणी त्याचा रंग बदलला, आणि पुन्हा मूळचा काही आला नाही.

"एकवीस दिवस!" रंगनाथ सर म्हणाले. "एकवीस दिवसांत मी तुम्हाला दुप्पट करून दाखवतो."

आणि दाखवलं की हो. भर दुपारी ते प्रत्येकाला खडकासमोर उभं करत आणि त्याची सावली मोजत. ससा, सावली वीतभर. मग वारुळाच्या मातीचं चूर्ण तीन चिमूट, चार जोर, आणि भरपूर टाळ्या. ऊन कलल्यावर तोच ससा तिथेच उभा. सावली चार हात!

"पाहा!" सर म्हणत. "एका दुपारीत चार हात. एकवीस दिवसांत कुठे जाल याचा विचार करा."

ससा विचार करायला बसला आणि दुसऱ्या दिवशी बायकोमुलांना घेऊन आला.

बातमी दरबारात पोहोचली. वाघमहाराजांना शिकार करायची गरज उरली नव्हती, कारण ताटं गुहेतच येत. पोट जमिनीला टेकायचं. महाराजांनी सावली मोजून घेतली. ती अकरा हात भरली. असा सत्य सांगणारा गुरू महाराजांना आजवर भेटला नव्हता. त्यांनी रंगनाथला राजवस्ताद केलं, कोल्ह्याला त्यांचा चिटणीस नेमलं आणि धोंडिबाला बोलावणं धाडलं.

"तुझ्या शिष्यांची सावली किती वाढली?" महाराजांनी विचारलं.

"मी सावली मोजत नाही, महाराज."

"मग मोजतोस काय?"

"काल जे उचललं नाही ते आज उचललं का, एवढंच बघतो."

"शिष्य किती?"

"एक."

दरबार खो खो हसला. धोंडिबाही थोडा हसला, कारण आकडा खरंच लहान होता.

फर्मान निघालं. यापुढे जंगलात ताकद शिकवायची असेल तर रंगनाथ सरांचं तीन दिवसांचं शिबिर करून प्रमाणपत्र घ्यावं लागेल. धोंडिबा साधा प्राणी. तो शिबिराला गेला, मागच्या रांगेत बसला, सगळं लक्ष देऊन ऐकलं. परीक्षेत त्याने शंभर जोर मारले. खडक हादरला. सरांनी शेरा लिहिला : "जोर ठीक. गळा लाल झाला नाही. नापास."

तालमीची जागा सरांच्या शिबिराला गेली. धोंडिबा ओढ्याच्या वरच्या अंगाला एका बेहड्याच्या झाडाखाली सरकला. यमुनाबाई तिथेही आली. एव्हाना तिच्या पाठीवर कलिंगडाएवढा दगड होता, आणि लंगडणं थांबलं होतं. उडी मात्र तिने अजून मारली नव्हती.

"कधी मारायची?" ती विचारी.

"मारावीशी वाटेल तेव्हा."

फाल्गुनात वणवा लागला.

डोंगराच्या एका अंगाने धूर उतरला आणि सारं जंगल खिंडीकडे धावलं. बाहेर पडायची ती एकच वाट. पण खिंडीच्या तोंडाशी एक जुना ऐनाचा वृक्ष बुंध्याशी जळून आडवा कोसळला होता. खोड एवढं जाड, की खालून फक्त ससा नाहीतर एखादं लहान पाडस निघे आणि वरून फक्त जातिवंत उडी.

एकवीस दिवसवाले सगळे पुढे झाले. रानडुकराने पट्टा आवळला. अस्वलाने चूर्ण खाल्लं. साऱ्यांनी मिळून रेटलं. खोड हललं नाही. धुरामुळे ऊनच नव्हतं, त्यामुळे कुणाला सावलीही पडेना, आणि आपल्यात किती बळ आहे हे कुणालाच कळेना.

"सर कुठायत? सर!"

सर सर्वांच्या आधी येऊन खोडावर चढून बसले होते. त्यांना फार भीती वाटत होती. म्हणून ते जोर मारत होते.

यमुनाबाईने खोडाकडे पाहिलं. मग पाडसाकडे. पाडसाला तिने खालच्या फटीतून पलीकडे ढकललं, चार पावलं मागे गेली, श्वास सोडला आणि उडी मारली. पाय मोडल्यापासूनची पहिली. मागचा पाय खोडाला पुसटसा लागला, बस्स. ती पलीकडे चारी पायांवर उतरली. पाडस कुशीत आलं. समोर मोकळी वाट होती.

तेवढ्यात मागे लाकूड करकरलं. तिने वळून पाहिलं.

धोंडिबाने खोडाच्या एका टोकाखाली शिंगं घातली होती. टोक गुडघाभर उचललं. मग छातीभर. मग त्याने ते मानेवर घेतलं. "निघा," तो म्हणाला.

ससे निघाले, भेकरं निघाली, साळिंदरं निघाली. अस्वल निघालं. वाघमहाराजांचं पोट अडकलं, त्यांना रानडुकराने मागून ढकललं. आणि अजून अर्धं जंगल मागे असताना धोंडिबाची पाठ जुन्या जागी कट्‌ वाजली. त्याचे पुढचे पाय थरथरू लागले. खोड वीतभर खाली आलं.

यमुनाबाईने पाडसाला म्हटलं, "इथेच थांब." आणि खोडाच्या जमिनीला टेकलेल्या टोकावरून उडी मारून धुरात परत आली.

"वेडी आहेस का?" धोंडिबा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आवाज चढवला होता.

तिने खोडाखाली खांदा दिला. "वस्ताद, श्वास सोडा. कोंडू नका."

त्याने श्वास सोडला. खोड वर गेलं. दोघं तसेच उभे राहिले, शेवटची खार निघेपर्यंत. केस होरपळायला लागले तेव्हा दोघांनी एकदम पुढे झेप घेतली आणि खोड त्यांच्या मागे धाडकन पडलं. खोडावरचे सर वेळेवर धोंडिबाच्या पाठीवर उडी मारून सुखरूप आले.

वर आकाशात कावळे होते. वरून त्यांना धूर दिसला, धुरात हळूहळू उचललं जाणारं एक खोड दिसलं आणि खोडावर जोर मारणारा लालबुंद गळा दिसला. खालचं काही दिसलं नाही. कावळ्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं : "रंगनाथ सरांनी खोड उचललं!"

खिंडीपलीकडच्या रानात दरबार नव्याने भरला. सरांना 'जंगलभूषण' मिळालं. सर भाषणात म्हणाले, "हे श्रेय माझं एकट्याचं नाही. हे माझ्या शिस्तीचं आहे." सगळ्यांचे डोळे पाणावले. धोंडिबाला चिटणीसाकडून कागद आला : प्रमाणपत्र नसताना खोडाला हात लावल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.

यमुनाबाई दरबारात गेली आणि घडलं ते सगळं सांगितलं. कोल्ह्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"खोडाखाली."

"मग वर काय चाललं होतं हे तुम्हाला कसं ठाऊक?"

खोडाखालून गेलेले पुष्कळजण दरबारात बसले होते. प्रत्येकजण आपल्या पंजाची नखं बघत होता. सरांविरुद्ध बोलावं तर आपली चार हात सावली खोटी ठरणार. एवढा तोटा कोण सोसेल?

ती परत आली तेव्हा धोंडिबा चिखलात पडून होता. या वेळी पाठ पुरती गेली होती.

"कुणी ऐकलं नाही, वस्ताद."

"तुझा पाय कसा आहे?"

"पायाचं काय घेऊन बसलात! तुम्हाला राग येत नाही?"

"येतो," धोंडिबा म्हणाला. "पण रागाने पाठ ताठते."

तेव्हा यमुनाबाई त्याच्यासमोर बसली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. आधी मान. मग पुढचा एक पाय. तो कंटाळला की ती म्हणे, "चार केलं तरी चालेल." वर्ष उलटून पुढच्या चैत्रात धोंडिबा उभा राहिला. गोटी काही तो पुन्हा उचलणार नव्हता. चार पावलं चालला, तेवढ्यावर दोघं खूश झाले.

सरांच्या शिबिरात आता पाय ठेवायला जागा नव्हती. पण एका पहाटे धोंडिबाच्या नव्या जागी, तिथल्या बेहड्याखाली, अस्वल आलं. इकडे तिकडे बघत म्हणालं, "खांदा दुखतो. कुणाला सांगू नका." मग रानडुक्कर आलं, अस्वलाला बघून दचकलं आणि दोघांनी एकमेकांना ओळखच दाखवली नाही. महिन्याभरात तिथे सतराजण जमू लागले, सगळे एकमेकांना अनोळखी.

आणि एक दिवस खुद्द वाघमहाराज आले. एकटेच, धापा टाकत.

"धोंडिबा, चढ चढवत नाही रे. गुहेतून बाहेर यायचं तरी दोनदा बसावं लागतं."

"या, महाराज. सावकाश बसा आणि उठा. पाच वेळा."

महाराज बसू लागले, मधेच थांबले. "हे बघ, आधीच सांगून ठेवतो. बाहेर कुणी विचारलं तर मी रंगनाथ सरांचाच शिष्य आहे, असंच सांगणार."

"सांगा की, महाराज," धोंडिबा म्हणाला. "पण गुडघे आत चाललेत. ते बाहेर ठेवा."

तात्पर्य (पाठ करा, परीक्षेत येतं) : मेहनतीचं फळ नक्की मिळतं. खोडाखालच्याला पाठदुखीचं मिळतं आणि खोडावरच्याला बाकीचं. तेव्हा बाळांनो, जड काही उचलायची वेळ आलीच, तर आधी त्याच्यावर चढून बसावं आणि गळा लाल ठेवावा. फक्त म्हातारपणी कुठे जायचं, तो पत्ता आत्ताच विचारून ठेवावा.