हिलालनानांचा कंट्रोलर

हिलालनाना दुसऱ्याचा प्रोग्रॅम कधी बसून वाचत नाहीत. हात पाठीमागे बांधून, उभ्यानं, स्क्रीनपुढून फेऱ्या मारत वाचतात. एखादी ओळ खटकली की पेनाच्या टोपणानं काचेवर टकटक. “हाई आठे काबर उभं शे?” म्हणजे, ही ओळ इथं का उभी?

नानांची सगळी नोकरी एसटीत गेली. शेवटची बरीच वर्षं ते तळोदा स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर हयातीचा दाखला काढायला माझ्या कॉम्प्युटर सेंटरात आले आणि मी करत असलेली जीपवाल्यांची वेबसाइट बघत तिथंच थांबले. डोंगरातल्या पाड्यांवर जाणाऱ्यांना मोबाइलवरून जीपमध्ये जागा धरता यावी, एवढंच तिचं काम. कशात लिहितोस, विचारलं. मी म्हटलं, जावास्क्रिप्ट. दुसऱ्या दिवशी दहाला दोनशे पानी वही घेऊन हजर!

शिकले, आणि माझ्यापेक्षा नीट शिकले. प्रोग्रॅममधल्या कंट्रोलरचा धडा आला त्या दिवशी तर खुर्चीतून उठलेच. “मन्हीच नोकरी शे हाई!” मग मला समजावलं, “कंट्रोलर गाडी चालाडस का? नही. तिकीट फाडस का? नही. कोन उनं ते ऐकस, कोन्हं काम शे ते वळखस, त्याले सांगस. बस!”

माझ्या वेबसाइटमध्ये मात्र बटन दाबलं की एकच फंक्शन नाव लिहून घेई, जागा मोजी, ड्रायव्हरला मेसेज धाडी आणि स्क्रीनही बदले. नानांनी कपाळाला हात लावला. “एकच मानूस बठ्ठं करी ऱ्हायना. मरी जाई तो.”

चालतंय ना, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी तो मेला. आदल्या दिवशी मी फक्त बटनाचा रंग बदलला होता. त्या खटपटीत जागा मोजणारी ओळ उडाली आणि नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा जणांनी जागा धरली. त्यात दिवस भरत आलेली एक बाई. ड्रायव्हर माझ्या दारात येऊन ओरडू लागला, मागे पिशव्या आणि कोंबड्यांसकट सगळी गर्दी.

नाना बाहेर ओट्यावर गेले आणि त्यांनी स्टँडवरचा आवाज काढला. तो आवाज नेहमी शुद्ध मराठीत निघतो. “प्रवाशांनी कृपया गोंधळ करू नये. प्रथम या ताई बसतील.” मग तेच डोंगरातल्या पावरी बोलीत. म्हातारी माणसं त्या बाईमागोमाग बसली, उरलेले सावलीत थांबले. नानांच्या एका फोनवर दुसरी जीप आली आणि अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला.

आत येऊन त्यांनी सरळ वही उघडली. जागांचा हिशेब एका फाइलीत, स्क्रीनचं काम दुसरीत आणि मधे छोटेसे कंट्रोलर, अशी आठवडाभर आम्ही मांडामांड केली. त्यानंतर मी बटनाला हवा तो रंग देतो. जागा नऊच राहतात.

परवा शनिवारी मात्र विचित्र प्रकार पाहिला. नाना आपल्या लॅपटॉपवर, स्वतःच्या सरावाच्या प्रतीत, जागा मोजायचं काम पुन्हा कंट्रोलरमध्ये कोंबत होते. मी टोपण उचललं आणि काचेवर टकटक केली.

“नाना, हे काय?”

ते चोरी पकडल्यासारखे लाजले. मग म्हणाले, “उद्या पोरना फोन ऱ्हास. सुरतले शे ती, हाईच काम करस. तिन्ही माय गयी तैपासून आम्हनं बोलनंच सरी गयं. ‘आबा, जेवनात?’ ‘जेवनू.’ मंग दोन्ही गप. आते चूक दखाडी का ती समजाडत बसस. ‘समजनं का आबा?’ इचारस. मी म्हनस, नही समजनं.”

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्यांनी केलेली चूक नीट पाहिली.

“नाना, ही तिला पाच मिनिटांत सापडेल.”

“पाच मिन्टमा?” त्यांचा चेहरा पडला.

मग आम्ही दोघांनी डोकं लावून, तिला निदान तासभर पुरेल अशी चूक तयार केली.